22 भागांत गाशा गुंडाळण्याची रीत

ऑफिसवरची वाईट मालिका बंद पाडणं कुणालाही जमतं. कल्पना चांगली, नट चांगले, आधीच्या लोकप्रिय मालिकेमुळे प्रेक्षक आयता, आणि तरीही एका सीझनमध्ये दुकान बंद, याला मात्र कसब लागतं. अमेरिकेच्या एनबीसी वाहिनीने 'आउटसोर्स्ड' काढून ते साधलं. पहिला भाग 23 सप्टेंबर 2010 ला, बाविसावा आणि अखेरचा 12 मे 2011 ला. तुम्हालाही दुसऱ्याच्या पैशाने हा प्रयोग करायचा असेल, तर कृती समजून घ्या.

आधी कल्पना खरोखरच दमदार घ्या. कॅन्सस सिटीचा टॉड डेम्प्सी मॅनेजरचं प्रशिक्षण संपवून परततो, तोवर त्याचं अख्खं कॉल सेंटर भारतात गेलेलं. नोकरी टिकवायची तर मुंबई गाठा आणि तिथली टीम तयार करा. कंपनी विकते काय, तर रबरी उलटी आणि चीजच्या तुकड्याच्या आकाराची टोपी. ज्या वस्तूंवाचून जगात कुणाचंच अडत नाही, त्या विकायला मुंबईची पोरं रात्रभर जागणार! वस्तू विकायची तर ती कोण घेतो आणि कशाला, हे आधी कळायला हवं. ते समजावून सांगताना टॉडची जी तारांबळ उडते, त्यात अमेरिकेचीच फजिती होते. मालिकेतला सगळ्यात सकस विनोद तोच. पहिल्या भागात तो झकास दाखवा आणि मग हळूहळू बाजूला सारा. 2010 साली अमेरिकेत बेकारी साडेनऊ टक्क्यांच्या आसपास होती, तेव्हा गेलेल्या नोकऱ्यांवर हसवणं म्हणजे धाडसच. धाडस एकदा करून झालं की पुरे. कॅन्सस सिटीत घरी बसलेल्या सहकाऱ्यांचं पुढे काय झालं, असं एखाद्या लेखकाने विचारलंच तर त्याला चहा आणायला पाठवा.

आता देशाकडे वळा. कामावरचे विनोद लिहायला कामाची माहिती लागते. देशावरचे विनोद पर्यटन पुस्तिकेवर भागतात. पहिल्याच भागात मसालेदार जेवण द्या आणि पोट बिघडवा. मनमीत नावाच्या पात्राच्या नावावरून कोटी करा. पुढच्या भागांच्या शीर्षकांनाही सोडू नका: 'बॉलोवीन', 'होम फॉर द दिवालीडेज', 'टेम्पररी मॉन्सॅनिटी', 'टॉड्स होली वॉर'. दिवाळी, पावसाळा, होळी अशी कालनिर्णय समोर ठेवून वर्षाची बेगमी करता येते. यात गोची एवढीच की पोट बिघडल्याचा विनोद एकदाच लागू पडतो. दुसऱ्या वेळेला पात्राला औषध माहीत असतं. टार्गेटचा विनोद मात्र दर महिनाअखेरीला नवा होतो. म्हणूनच तो टाळायचा.

कॉल सेंटर खरोखर कसं चालतं, ही माहिती सेटवर फिरकू देऊ नका. ती फार धोकादायक आहे. कॅन्सस सिटीत सकाळचे 9 वाजतात तेव्हा मुंबईत संध्याकाळचे साडेसात झालेले असतात. नोव्हेंबरात अमेरिकेतली घड्याळं मागे गेली की तेच साडेआठ. म्हणजे वर्षातून दोनदा सगळ्या ऑफिसचं जेवण, झोप आणि घरातली भांडणं तासाभराने सरकतात. कंपनीच्या गाडीत आधी मुलुंडला कोण उतरणार आणि ठाण्याला कोण, शेवटी उतरणारी मुलगी असली तर गार्ड कुठे बसणार, यावर पहाटे जी खडाजंगी होते तिच्यात एक अख्खा भाग बसतो. त्यातच एएचटी, म्हणजे एका कॉलचा सरासरी वेळ. समजा रात्रीचे अडीच वाजलेत, एएचटी सहा मिनिटांच्या आत ठेवायचाय आणि लाइनवर एकटी राहणारी एक म्हातारी आहे. तिला टोपी नकोय, बोलायला कुणीतरी हवंय. बोलत बसावं तर टीम लीडर पाठीमागे येऊन उभा, फोन ठेवावा तर कॉल ऐकून दर्जा तपासणारा क्यूए मार्क कापणार, टोपी गळ्यात मारावी तर आपलंच मन खाणार. मध्येच म्यूट दाबून एक शिवी हासडायची आणि पुन्हा गोड आवाजात 'येस मॅम'. आणि म्यूट दाबलंच गेलं नसेल तर? अशा प्रसंगाला सण लागत नाही, गाय लागत नाही, हत्ती तर नाहीच नाही. असे चार प्रसंग लिहिलेत तर मालिका पाच वर्षं चालेल आणि तुमचा बेत फसेल.

राजीव या पात्रापासूनही जपून राहा. तो असिस्टंट मॅनेजर. विमीशी लग्न जमायचं तर तिच्या वडिलांना मॅनेजर जावई हवा, आणि मॅनेजरच्या खुर्चीत टॉड. त्यामुळे राजीवचं प्रत्येक 'येस सर' म्हणजे एकेक सुरुंग. हा माणूस विनोदासाठी नेमका घडलेला आहे: त्याला काय हवंय ते स्पष्ट, वाटेत कोण आहे तेही स्पष्ट, आणि दोघांना एकाच ऑफिसात रोज तोंड दाखवायचंय. रिझवान मांजीने ते कामही फक्कड केलं. पुटपुटल्यासारखं बोलणारी माधुरी आणि ऐकणारा उठून गेला तरी बोलतच राहणारा गुप्ता ही जोडीही अशीच. ही मंडळी नुसती एकमेकांसमोर बसवली तरी मालिका उभी राहते. म्हणून मध्ये सतत टॉडला घुसवा. गुप्ताने काही म्हटलं की कॅमेरा टॉडच्या चेहऱ्यावर, म्हणजे कुठे हसायचं ते प्रेक्षकाला कळतं.

मुंबई लॉस एंजेलिसमधल्या स्टुडिओत उभारा. पाच मुख्य भारतीय पात्रांसाठी नट ब्रिटन, कॅनडा आणि अमेरिकेतून घ्या. नट उत्तम आहेत, त्यांच्यावर राग नको. अमेरिकेच्या प्राइमटाइममध्ये दक्षिण आशियाई वंशाचे इतके चेहरे एकत्र दिसणं त्या काळी दुर्मीळच होतं, आणि हे श्रेय मालिकेला द्यायलाच हवं. फक्त सगळ्यांना एकाच साच्यातला हेल द्या. मुंबईतल्या एका ऑफिसात पाच जण पाच तऱ्हेचं इंग्रजी बोलतात आणि एकमेकांच्या उच्चारांची टर उडवतात, हे कुणाच्या कानावर जाता कामा नये.

गोष्ट 2006 च्या त्याच नावाच्या चित्रपटावरून उचलली आहे, हे कृतीत फार उपयोगी पडतं. चित्रपटातला पाहुणा दीड-पावणेदोन तासांत शिकतो, प्रेमात पडतो, निघून जातो. मालिकेत जाहिराती वजा जाता 21-22 मिनिटांचा एक भाग, असे 22 भाग. पाहुणा तेवढा काळ पाहुणाच राहिला पाहिजे. पाच-सहा भागांनंतर तो जागेला सरावू लागला की त्याला प्रेमाच्या त्रिकोणात अडकवा: एका बाजूला आशा, जिचं लग्न घरचे ठरवणार, दुसऱ्या बाजूला ऑस्ट्रेलियन टोन्या. लक्ष कामावरून उडालं म्हणून समजा.

राहिली वेळ. सुरुवातीला 'द ऑफिस' या लोकप्रिय मालिकेनंतरची गुरुवारी रात्री साडेनऊची जागा मिळवा. पायलटचं, म्हणजे पहिल्या भागाचं, दिग्दर्शनही केन क्वापिसकडे द्या. अमेरिकन 'द ऑफिस'चा पायलट त्यांनीच केला होता. एवढ्या भांडवलावर पूर्ण सीझनची ऑर्डर मिळते. मग जानेवारीत 'पार्क्स अँड रिक्रिएशन' साडेनऊला येते आणि तुम्ही साडेदहाला सरकता. इथे वाहिनीवर चिडायला भरपूर वाव आहे, तो जरूर वापरा. पहिल्या 10 भागांत काय लिहिलं होतं ते मग कुणी विचारत नाही.

नटांची चिंता नको. मांजी पुढे 'शिट्स क्रीक'मध्ये दिसले, मनमीत झालेला साचा धवन 'डॉक्टर हू'मध्ये खलनायक होऊन गाजला. सेट तेवढा लगेच मोडा. मुंबई पुन्हा लागलीच तर प्लायवूड मिळतं.