तो नर निरोप घेत नव्हता

मरणाऱ्या कांगारू मादीचं डोकं नराने हातात धरलंय, शेजारी पिल्लू उभं. हा फोटो तुमच्याही फॅमिली ग्रुपवर येऊन गेला असेल. खाली साधारण असा मजकूर: ‘शेवटचा श्वास घेताना आईला बाळाला पाहायचं होतं, म्हणून बाबांनी तिला आधार दिला. माणसापेक्षा प्राणी बरे!’

फोटो खरा आहे. जानेवारी 2016, ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडमधलं रिव्हर हेड्स. मजकूर मात्र कुणीतरी मनाने रचलेला.

‘बाबांनी आधार दिला.’ नराचे हात नीट बघा, ओले आहेत. अंग तापलं, जीव घाबरला की कांगारू हात चाटतो. लाळ सुकताना अंग गार होतं. ऑस्ट्रेलियन म्युझियमचे मार्क एल्ड्रिज यांनी तेव्हाच हे दाखवून दिलं होतं, आणि जोडीला दुसरी खूणही: नर कामोत्तेजित आहे. ती आपल्या नजरेतून सुटते, कारण कांगारूचं लिंग वृषणांच्या मागे असतं. म्हणजे तो मादीला उठवत होता ते समागमासाठी. सिडनी विद्यापीठाचे डेरेक स्पीलमन यांच्या मते तर याच झटापटीत ती मेली असण्याची शक्यता आहे. आता हे काकांना ग्रुपवर कसं सांगायचं, ते तुम्ही बघा.

‘आई, बाबा, बाळ.’ कांगारूंत संसार नसतो. दांडगा नर माजावर आलेल्या मादीच्या मागे फिरतो, इतर नरांना हुसकावतो आणि माज ओसरला की दुसरीकडे वळतो.

पण म्हणून काही कांगारू मठ्ठ ठरत नाही. 2020 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात खाऊची डबी उघडेना, तेव्हा 11 पैकी 10 कांगारूंनी थेट समोरच्या माणसाकडे पाहिलं, जणू मदत मागत. हे पाळीव नव्हे, बंदिस्त जागेत राहणारे कांगारू होते. मला तर त्या रडक्या मजकुरापेक्षा हेच जास्त भारी वाटतं.

‘आता बाबा बाळाला वाढवणार’ अशी भरही काहीजण घालतात. नर पिल्लाकडे ढुंकूनही बघत नाही. लहान पिल्लू अनाथ झालं तर त्याला माणूसच वाचवू शकतो. गाडीखाली मेलेली मादी दिसली की तिथले जाणते लोक थांबून तिची पिशवी तपासतात. आत कोवळं पिल्लू सडाला घट्ट चिकटलेलं असतं. ओढून काढलं तर त्याच्या तोंडाला इजा होते. मग सांभाळणारे त्याला कापडी पिशवीत उबेला ठेवतात आणि खास दूध पाजतात. गाईचं दूध त्याला पचत नाही, हगवण लागते.