‘खड्डा खणा, माती लोटा’ म्हणणाऱ्या मेसेजला उत्तर

काजव्यांचा हंगाम जवळ आला की ट्रेकिंगच्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. त्याचं म्हणणं थोडक्यात असं: कॅम्पिंगला पोर्टेबल टॉयलेट नेणं हा शहरी नखरा आहे. खड्डा खणा, माती लोटा, पंधरा दिवसांत खत होतं. रानात गुरांचं शेण पडतं तेव्हा कुणी काही बोलत नाही. टॉयलेट घ्यायचंच असेल तर मिळेल तो स्वस्त डबा घ्या, सगळे सारखेच. त्यात निळं औषध टाकलं की जंतू मरतात, मग डबा कुठेही ओता. पिशवीचा प्रकार असेल तर पिशवी विघटनशील असते, पुरून टाका. आणि यातलं काही जमलं नाही तर कॅम्पवाल्याचा माणूस असतोच.

यातलं एक विधान अर्धं खरं आहे. बाकीची चुकीची आहेत आणि शेवटचं तर लाज वाटावी असं आहे.

अर्धं खरं आहे ते खड्ड्याचं. माती खोल आणि जिवंत असेल, माणसं एक-दोन असतील, खड्डा १५ ते २० सेंटिमीटर खोल असेल आणि पाण्यापासून किमान ६० मीटर दूर असेल, तर पुरणं चालतं. जगभरचे ट्रेकर हा नियम पाळतात. पण आपण तंबू ठोकतो कुठे? सह्याद्रीच्या माथ्यावर, नाहीतर धरणाच्या काठावर. माथ्यावर बसाल्टचा कातळ आणि त्यावर चार बोटं माती. हरिश्चंद्रगडावर कोकणकड्याच्या आसपास वीतभर खड्डा खणून बघा, दुसऱ्याच घावाला खणखण आवाज येतो. मग लोक वर दोन दगड ठेवतात आणि त्याला पुरणं म्हणतात. त्याच गडावर कातळात खोदलेली टाकी आहेत आणि आपण त्यांतलंच पाणी पितो. कातळाच्या भेगांतून पाणी गाळलं जात नाही. वरचं सरळ खाली उतरतं आणि पायथ्याच्या झऱ्याला किंवा विहिरीला जाऊन मिळतं.

‘पंधरा दिवसांत खत’ हेही खरं नाही. चांगल्या मातीतसुद्धा विष्ठा कुजायला महिने लागतात, आणि जंतांची अंडी मातीत वर्षभर आणि त्याहून जास्त काळ तग धरतात. काजव्यांचा काळ म्हणजे मेअखेर ते जूनचा मध्य. शनिवारी पुरलेलं पुढच्या आठवड्यातल्या पहिल्या जोरदार सरीला उघडं पडतं. काजवे बघायला गर्दी होते त्या घाटघर, रतनवाडी, साम्रद या भागातलं पाणी प्रवरा नदीत आणि भंडारदऱ्याच्या धरणात जातं. पवनेच्या काठावर तंबू टाकणाऱ्यांनी आणखी एक लक्षात घ्यावं: पवना धरणातून नदीत सोडलेलं पाणी रावेतला उचललं जातं आणि पिंपरी-चिंचवडच्या नळांना येतं. शुद्धीकरण होतं हे कबूल, पण म्हणून वरच्या बाजूला घाण करायचा हक्क मिळत नाही. शिवाय एकट्याचा एक खड्डा आणि एका रात्रीत शेकडो तंबूंचे शेकडो खड्डे यांत फार फरक आहे. काठाची जागा तीच, दर शनिवारी माणसं नवी.

शेणाचा मुद्दा ऐकायला पटतो, म्हणून त्याचं उत्तर नीट द्यायला हवं. गाय गवत खाते. तिचं शेण उन्हात सुकतं, शेणकिडे ते घेऊन जातात, गावकरी गोळा करून गोवऱ्या थापतात. टायफॉइड, कॉलरा, हेपॅटायटिस ए हे आजार माणसाच्या विष्ठेतून माणसाला होतात आणि ती वाहून पाण्यात गेली की पसरतात. गुरांचं शेण पाण्यात गेलेलंही वाईटच, पण त्यामुळे माणसाचा मैला निर्धोक ठरत नाही.

याच ओळीत मेसेजवाले पुढे म्हणतात, ‘गावची माणसं पिढ्यान् पिढ्या टमरेल घेऊन जात होती.’ जात होती. मग संत गाडगेबाबा ग्रामस्वच्छता अभियान आलं, त्यानंतर स्वच्छ भारत मिशन आलं. उघड्यावर बसणाऱ्यांना पकडायला नेमलेल्या गुड मॉर्निंग पथकांनी पहाटे रस्त्याच्या कडेला माणसं अडवली, बायाबापड्यांना सगळ्यांसमोर खाली मान घालायला लावली. लोकांनी अनुदान घेऊन, पदरचे पैसे घालून संडास बांधले, आणि २०१८ मध्ये ग्रामीण महाराष्ट्र हागणदारीमुक्त झाल्याचं जाहीर झालं. त्या घोषणेत किती तथ्य होतं यावर वाद होईल. पण ज्या गावाला आपण हे शिकवलं, त्याच गावाच्या बांधावर आता शहरातून गाडी घेऊन येऊन आपण बसायचं, याचं समर्थन मला कुठल्याच बाजूनं करता येत नाही.

‘सगळे डबे सारखेच’ हे विधान पैसे वाया घालवणारं आहे. माझ्या मते निवड ब्रँडवरून करायची नसते, मैला कुठे जाणार आहे त्यावरून करायची असते. ओतायची जागा आधी ठरवा, मग वस्तू घ्या.

गाडी तंबूपर्यंत जाते, सोबत आईवडील किंवा लहान मुलं आहेत, तर दोन टाक्यांचा डबा उत्तम. वरच्या टाकीत फ्लशचं पाणी, खालच्या बंद टाकीत मैला, मध्ये सरकती झडप. खालची टाकी साधारण १० ते २० लिटरची असते. इथे एक गोष्ट दुकानदार सांगत नाही: हे डबे कागद वापरणाऱ्यांचा हिशोब धरून बनवलेले आहेत आणि आपण पाण्यानं धुतो. माणशी दिवसाला दीड लिटरच्या आसपास लघवी, वर प्रत्येक वेळचं फ्लश आणि धुण्याचं पाणी. चौघांच्या घरात २० लिटरची टाकी दोन दिवससुद्धा पुरत नाही. म्हणून मगाऐवजी दाबून धार सोडता येणारी छोटी बाटली ठेवा आणि शक्य असेल तिथे लघवीची सोय पाण्यापासून लांब, मातीवर, वेगळी करा. एवढ्यानंच टाकी जवळपास दुप्पट चालते. भरलेली २० लिटरची टाकी २० किलोच्या वर जाते. ती उचलून चालणारा माणूस घरात नसेल तर लहान टाकी घ्या आणि जास्त वेळा रिकामी करा. ओतायची नळी बाहेर वळणारी हवी आणि टाकीला हवा सोडायचं बटण हवं. हे बटण नसेल तर ओतताना गचके बसतात आणि शिंतोडे उडतात. आजी-आजोबा असतील तर बैठकीची उंची दुकानातच बसून बघा, संकोच करू नका.

गडावर चालत जायचं असेल तर हा डबा निरुपयोगी. तिथे दुहेरी पिशवी, आतली भुकटी आणि घट्ट फिरकीच्या झाकणाची प्लॅस्टिकची बरणी. भुकटीनं ओल शोषली जाऊन घट्ट गोळा होतो. धुण्याचं पाणी पिशवीत गेलं तर ती पुरत नाही, म्हणून पिशवी बंद केल्यावर बाजूला होऊन, मातीवर, थोड्या पाण्यात धुवावं. एव्हरेस्टच्या भागातल्या स्थानिक पालिकेनं २०२४ मध्ये गिर्यारोहकांना अशा पिशव्या सक्तीच्या केल्या. तिथले शेर्पा वर्षानुवर्षं इतरांची घाण बघत आले होते.

पन्नास-शंभर माणसांचा ग्रुप असेल तर दोन्ही सोडा आणि उपसा गाडीसकट फिरती शौचालयं भाड्यानं घ्या. पंढरीच्या वारीत पालखीच्या मुक्कामांवर हीच व्यवस्था आता उभी राहते.

आता निळं औषध. या एका ओळीनं सगळ्यात जास्त नुकसान होतं. बाजारात ढोबळमानानं दोन प्रकार आहेत. जुन्या पद्धतीच्या निळ्या द्रवात फॉर्माल्डिहाइड हे विषारी रसायन असायचं, काहींत अजूनही असतं. ते जीवाणूंना रोखतं म्हणून वास थांबतो. पण तेच ओढ्यात गेलं तर मासे आणि बेडकांची पिल्लं मारतं, आणि सेप्टिक टाकीत गेलं तर मैला कुजवणारे जीवाणूच मारतं. पुण्यातल्या ज्या मोठ्या सोसायट्यांचा स्वतःचा एसटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणारा प्रकल्प आहे, त्यांचंही काम जिवंत जीवाणूंवरच चालतं. दुसरा प्रकार हिरव्या रंगाचा, त्यात विकरं (एन्झाइम) किंवा नायट्रेट. तो मैला विरघळवतो, वास कमी करतो, पण रोगजंतू मारत नाही. म्हणजे पहिलं औषध विषारी असल्यानं कुठेही ओतता येत नाही आणि दुसऱ्यानं मैला शुद्ध होत नाही. मी फॉर्माल्डिहाइड नसलेलं घ्या असं सांगेन, पण तेही ओतायचं संडासातच.

घरचे जुगाड तर करूच नका. ब्लीचिंग पावडर लघवीत पडली की क्लोरामाइनचा वायू सुटतो, त्यात संडास घासायचं आम्ल मिसळलं तर क्लोरीन. बंद तंबूत हा जिवाशी खेळ आहे.

ओतायची रीत साधी आहे. टाकी पाऊण भरली की थांबा. झडप बंद करून टाकी उभी ठेवा आणि गाडीत पट्ट्यानं बांधा. उन्हात तापलेल्या गाडीत आत वायू साठतो, म्हणून उघडण्याआधी बटण दाबून हवा सोडा आणि तोंड लांब ठेवा. हातमोजे घाला. घरच्या किंवा परवानगी घेतलेल्या हॉटेलच्या कमोडमध्ये, नळी अगदी खाली नेऊन, हळू ओता. नंतर दोन-तीन लिटर पाणी घालून टाकी खळबळा आणि तेही तिथेच. न्हाणीची जाळी, बेसिन, रस्त्यालगतचं गटार यांत काही ओतायचं नाही, कारण यातलं बरंच पाणी मलवाहिनीत न जाता थेट नाल्याला मिळतं. वाइप्स टाकीत नकोत, त्यांनी झडपही अडते आणि पुढचा पाइपही.

युरोपात कॅराव्हॅनच्या तळांवर टाकी ओतायला वेगळी मोरी असते. महाराष्ट्रानं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचं धोरण आणलं, तरी आपल्याकडे वाटेत अशी मोरी मिळेल या भरवशावर निघू नये. घरचा संडास हीच सगळ्यात पक्की जागा.

विघटनशील पिशवीबद्दल थोडक्यात. तसा शिक्का असलेल्या बऱ्याच पिशव्या कारखान्यातल्या तापलेल्या खतभट्टीत कुजतात, गडावरच्या मुरमात कुजत नाहीत. आतल्या भुकटीचा जेल तर वर्षानुवर्षं राहतो. रानडुकरं आणि कुत्री पुरलेली पिशवी उकरून काढतात. पुरायची असती तर पिशवी कशाला नेली? ती खाली आणायची. ओल्या कचऱ्यात मात्र टाकू नका, तो हातानं वेगळा करणारी माणसं पुढे उभी असतात.

आणि ‘कॅम्पवाल्याचा माणूस’. हा माणूस बहुतेक वेळा शेजारच्या पाड्यावरचा पोरगा असतो, दिवसाच्या मजुरीवर. आपण त्याला बादली आणि फावडं देतो, हातमोजे देत नाही. या देशात हातानं मैला साफ करायला लावण्यावर बंदी घालणारा कायदा २०१३ मध्ये नव्यानं करावा लागला, कारण पिढ्यान् पिढ्या हे काम ठराविक जातींच्या माथी मारलं गेलं. कोकणातले गांधीवादी कार्यकर्ते आप्पासाहेब पटवर्धन १९३२ मध्ये रत्नागिरीच्या तुरुंगात होते. मैला साफ करण्याचं काम आपल्याला द्या म्हणून त्यांनी अन्न कमी केलं, आणि त्यांच्या पाठिंब्यासाठी येरवड्यात गांधींनी उपास केला. पुढे आप्पासाहेबांनी कणकवलीच्या गोपुरी आश्रमात मैल्याचं खत करणाऱ्या संडासांवर काम केलं. ज्या मुलखात हे घडलं, तिथे सुट्टीवर आलेल्या सुशिक्षित माणसानं आपला डबा दुसऱ्याच्या हातात देऊ नये. स्वतःची टाकी स्वतः उचला. त्याला दहा मिनिटं लागतात.

दर शनिवार-रविवारी तंबू लावणाऱ्या मालकांना पोर्टेबल डबे हा उपायच नाही. जमिनीत पाणी मुरत असेल आणि काठ लांब असेल तर दोन खड्ड्यांचा संडास, एक खड्डा बंद करून दीड-दोन वर्षं मुरू द्यायचा. कातळ किंवा बॅकवॉटर जवळ असेल तर पक्की सेप्टिक टाकी आणि नियमित उपसा. वाई आणि सिन्नरच्या नगरपरिषदांनी घरोघरच्या टाक्या ठराविक मुदतीनं उपसून मैला प्रक्रिया केंद्रात नेण्याची पद्धत बसवली आहे, म्हणजे हे आपल्याकडे होऊ शकतं. तेव्हा बुकिंगचा फोन कराल तेव्हा बार्बेक्यू आणि म्युझिकची चौकशी करून झाली की तीन प्रश्न आणखी विचारा: संडास किती तंबूंमागे एक आहे, टाकी पाण्यापासून किती लांब आहे आणि उपसा गाडी शेवटची कधी आली होती. तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर अडखळत आलं तर दुसरी जागा शोधा आणि का शोधताय ते मालकाला सांगा.