रमाबाई दोन होत्या

घराण्याचा इतिहास शोधणाऱ्या मंडळींमध्ये एक मजकूर सतत फिरत असतो. त्याचा आशय असा: पुरालेखागारात जा, सूचीत पूर्वजाचं नाव शोधा, त्या नावाचे जेवढे कागद निघतील ते सगळे त्यांचेच समजा. आडनाव जुळलं तर प्रश्नच मिटला. जितक्या दप्तरांत नाव, तितका पुरावा भक्कम. आणि नाव जुळत असताना शंका काढणं म्हणजे पूर्वजांचा अपमान.

पुढे पाठवणाऱ्यांचा हेतू चांगला असतो, यात मला शंका नाही. पण या सल्ल्यामुळे खरी माणसं इतिहासातून पुसली जातात. दोघांचे कागद एकाच्या नावावर चढले की दुसरा उरतच नाही. म्हणून यातला एकेक मुद्दा घेऊन उत्तर देणं मला गरजेचं वाटतं.

पहिला मुद्दा उघड बोलला जात नाही, पण सगळा मजकूर त्यावरच उभा आहे: पूर्वी एका नावाची माणसं फारशी नसायची. खरी परिस्थिती नेमकी उलटी होती. नातवाला आजोबांचं नाव ठेवायची रीत घरोघरी होती, त्यामुळे एकेका घरात तीच दोन-चार नावं पिढ्यानपिढ्या फिरत राहिली. पेशव्यांचंच घर घ्या. बाळाजी विश्वनाथ, त्यांचा मुलगा बाजीराव, बाजीरावांचा मुलगा पुन्हा बाळाजी. त्याच दरबारात फडणिसीचं काम पाहणारे नाना म्हणजे बाळाजी जनार्दन भानू, आणि त्यांचे आजोबा बाळाजी महादेव. शंभर वर्षांच्या आत, एकमेकांच्या इतक्या जवळ, चार बाळाजी! त्यातल्या दोघांना लोक ‘नाना’ म्हणत. एक नानासाहेब पेशवे, दुसरे नाना फडणीस. पुढे १८५७ मध्ये बिठूरचे नानासाहेब आले, त्यांचं नाव धोंडोपंत.

माझ्या मते सगळ्यात बोलकं उदाहरण रमाबाईंचं आहे. ‘माधवराव पेशव्यांची पत्नी रमाबाई’ एवढंच कुणी सांगितलं, तर बहुतेकांना थेऊर आठवतं. १७७२ मध्ये माधवराव तिथे वारले आणि रमाबाई सती गेल्या. पण पेशवा झालेले माधवराव दोन होते. सवाई माधवराव हे पहिल्या माधवरावांचे पुतणे, जन्म १७७४ चा. १७८३ मध्ये त्यांचं लग्न थत्त्यांच्या मुलीशी झालं, आणि तिचंही नाव रमाबाई. नवऱ्याचं नाव तेच, बायकोचं नाव तेच, हुद्दा तोच, वाडा तोच. नुसत्या नावांवर कागद लावत गेलो, तर ही दुसरी मुलगी पहिलीच्या सावलीत कायमची नाहीशी होते. तिच्या लग्नाचा खर्च, तिला आलेले आहेर, तिच्या आजारपणातली औषधं, सगळं थेऊरच्या रमाबाईंच्या खाती जमा होईल. १७७२ मध्ये वारलेल्या बाईंना १७८३ चे आहेर!

यातून वाट दाखवते ती लिहिणाऱ्यांची शिस्त. ‘माधवराव बल्लाळ’ म्हणजे बाळाजींचे माधवराव, ‘माधवराव नारायण’ म्हणजे नारायणरावांचे. ‘बाजीराव बल्लाळ’ पहिले, ‘बाजीराव रघुनाथ’ दुसरे. इतर घरांच्या कागदांत ‘अमुक बिन तमुक’, म्हणजे तमुकचा मुलगा अमुक, असं लिहिलेलं असतं. नावापुढचं हे बापाचं नाव वाचायचा कंटाळा करणारा माणूस कागदातली सगळ्यात मोलाची गोष्ट सोडून देतो.

आता आडनाव. जुन्या कागदात ‘पाटील’, ‘कुलकर्णी’, ‘देशमुख’, ‘चौगुले’ असं दिसलं की आपण त्याला आजच्या अर्थानं आडनाव समजतो. तिथे तो बहुतेक वेळा हुद्दा असतो, वतन म्हणजे वंशपरंपरेनं चालणारा हक्क असतो. गावोगाव पाटील होते आणि खंडोजी, मल्हारजी, राणोजी ही नावं सगळ्या मुलखात होती. ‘राणोजी पाटील’ एवढ्यावरून काहीच ठरत नाही. मौजे म्हणजे गाव कुठलं, त्यावरची तर्फ कुठली, तिच्यावरचा परगणा कुठला, वतनाची तक्षीम म्हणजे वाटणी कोणती, हे पाहिल्यावर माणूस हळूहळू दिसायला लागतो. नाशिक-त्र्यंबकेश्वरच्या तीर्थोपाध्यायांना हे पिढ्यानपिढ्या ठाऊक आहे. तिथे गेल्यावर आधी गाव आणि कूळ विचारतात, मग वंशावळीची वही उघडतात.

सामान्य माणसांच्या बाबतीत तर आणखी जपायला हवं. गावच्या जन्ममृत्यूच्या जुन्या नोंदवहीत मूल जन्मलं तेव्हा त्याचं नाव ठेवलेलंच नसायचं, म्हणून पुष्कळ ठिकाणी नुसतं बापाचं नाव सापडतं. एका गावात त्या नावाचे दोन बाप असले तर? बायकांचं नाव लग्नात बदलायचं, म्हणून माहेरच्या आणि सासरच्या कागदांत एकच बाई दोन नावांनी येते. म्हणजे नाव जुळूनही माणूस वेगळा असू शकतो आणि नाव न जुळताही तोच असू शकतो. सातारच्या शाहू महाराजांचं जन्मनाव शिवाजी होतं, हे किती जणांना माहीत असतं? आणि ‘शाहू छत्रपती’ म्हणाल, तर सातारच्याच गादीवर ते दोन झाले: एक १७४९ मध्ये वारले, दुसरे १७७७ नंतरचे. कोल्हापूरचे राजर्षी शाहू १८९४ मध्ये गादीवर आले, ते तिसरे.

‘अनेक दप्तरांत नाव’ या मुद्द्यावर थोडक्यात. दहा रुमालांतून, म्हणजे कापडात बांधलेल्या गठ्ठ्यांतून, दहा कागद काढले आणि त्यांना बांधणारा धागा नुसतं नाव असेल, तर पुरावा दसपट होत नाही. एकच न तपासलेली समजूत दहा वेळा वापरली, एवढंच होतं. एका कागदातलं गाव, जमीन, भाऊबंद किंवा शिक्का दुसऱ्या कागदात पुन्हा भेटला, तर मात्र दोन कागदसुद्धा पुरेसे भक्कम ठरतात.

वर्षाचं पाहू. मोडी कागदांत सुहूर सन, म्हणजे तेव्हाच्या कारभारातली एक कालगणना, अरबी शब्दांत लिहिलेला असतो. ‘सलास सबैन मया व अलफ’ म्हणजे ११७३, इसवी सन १७७२-७३. यातला ‘मया’ (शंभर) हा एक शब्द वाचताना निसटला, तर सन १०७३ होतो आणि कागद थेट शिवकाळात, १६७२-७३ मध्ये जाऊन पडतो. पुष्कळ पत्रांवर तर नुसता चांद्र महिना आणि तारीख असते, वर्ष नसतंच. अशा कागदाचं वर्ष मजकुरातल्या माणसांवरून आणि घटनांवरून ठरवतात. मग तेच वर्ष त्या माणसाची ओळख पटवायला पुरावा म्हणून वापरलं, तर आपण जागच्या जागी फिरत राहतो.

शेवटचा मुद्दा मला सगळ्यात जास्त टोचतो: शंका म्हणजे अपमान. पानिपतावर १७६१ मध्ये सदाशिवरावभाऊ पडले. पुढे काही वर्षांतच ‘मीच भाऊ’ म्हणणारा माणूस उभा राहिला. त्याचं रूप भाऊंशी मिळतंजुळतं, नाव तर भाऊंचंच सांगत होता, आणि भाऊ परत यावेत असं सगळ्या मुलखाला वाटत होतं. भाऊंच्या पत्नी पार्वतीबाईंनी तर वैधव्य स्वीकारलंच नव्हतं. तरीही पहिल्या माधवरावांनी चौकशी करवली, ओळखणाऱ्यांकडून खात्री करून घेतली आणि त्याला कैदेत ठेवलं. भाऊ त्यांचे सख्खे चुलत चुलते होते. या चौकशीला कुणी अपमान म्हणेल का? १७७६ मध्ये तो रत्नागिरीहून सुटला, कोकणात त्याला माणसं आणि किल्ले मिळाले, शेवटी पकडला गेला आणि पुण्यात त्याला देहांत शिक्षा झाली.

या प्रकरणाचे कागद आज पाहायला मिळतात. त्या सालच्या एखाद्या कागदात ‘भाऊ’ दिसले, तर ते कोणते भाऊ हे आधी ठरवावं लागेल. आपल्या खापरपणजोबांच्या नावालाही तेवढंच तपासू या. आणि दोन नोंदी एकाच माणसाच्या असल्याचं ठरत नसेल, तर वंशावळीत दोन वेगळ्या ओळी ठेवू या, मधली रेघ न ओढता.