एज्युकेशनल आहे गं आई!

आमच्या घरात कुठलीही गोष्ट पास करून घ्यायची असेल तर एक शब्द पुरतो, एज्युकेशनल. चिरंजीवांना हे फार लहानपणी कळलं. त्यामुळे पाचवीची परीक्षा संपल्यावर त्यांना माइनक्राफ्ट हा ठोकळे रचत खेळायचा गेम पाहिजे झाला तेव्हा त्यांनी रडारड, उपोषण वगैरे काही केलं नाही, सरळ वकिली सुरू केली. "आई, स्वीडनमध्ये शाळेत शिकवतात हे, आणि कंपल्सरी." मला वाटलं थापा मारतोय, म्हणून शोधून बघितलं तर खरंच की, २०१३ साली स्टॉकहोमच्या एका शाळेने तेरा वर्षांच्या मुलांना हा गेम चक्क अभ्यासक्रमात घातला होता, शहर नियोजन आणि पर्यावरण शिकावं म्हणून. मग पुढचे पुरावे आले. २०१४ मध्ये मायक्रोसॉफ्टने अडीच अब्ज डॉलर मोजून ही कंपनी विकत घेतली, २०१६ मध्ये शाळांसाठी वेगळी एज्युकेशन आवृत्ती काढली, सगळं पाठ. ह्याच मुलाला विज्ञानाच्या प्रोजेक्टचा चार्ट पेपर आदल्या रात्री साडेदहाला आठवतो, दुकानं बंद झाल्यावर.

बाबांनी मोबाईलमधून मान वर न काढता निकाल दिला, "घेऊ दे गं, कोडिंगच्या क्लासपेक्षा स्वस्त पडतं." संपलं. मी एकच अट घातली की काय शिकतोस ते मी शेजारी बसून बघणार.

पण त्या पोराला बघ्याची भूमिका मान्यच नाही. बघायचं असेल तर आत ये म्हणाला, आणि माझ्या फोनवर गेम टाकून मला त्याच्या त्या ठोकळ्यांच्या जगात उभं केलं. डाव्या अंगठ्याने चालायचं आणि उजव्याने बघायचं. आता आजवर मी रस्ते, खड्डे, रिक्षा, सगळं सांभाळत चालता चालता बघतच आले ना, पण इथे एक तर मी आभाळाकडे तोंड करून चालायचे नाहीतर पायांकडे बघत तळ्यात जायचे. त्यात इथला अख्खा दिवस, रात्र धरून, २० मिनिटांचा! म्हणजे कुठलं झाड तोडावं असा जरा विचार करतोय तोवर संध्याकाळ, आणि संध्याकाळ झाली की झोंबी. शिवाय क्रीपर नावाचा एक हिरवा प्राणी आहे, तो पाठीमागून मुकाट्याने येतो, जवळ आला की फुस्स करतो आणि फुटतो, आपल्या अर्ध्या भिंतीसकट. तो मांजराला घाबरतो असं मला नंतर सांगण्यात आलं. आधी सांगायला काय झालं होतं?

पण क्रीपर परवडला, गुरुजी नकोत. "अगं लक्ष कुठेय तुझं? आत्ताच सांगितलं ना मी? किती वेळा सांगायचं?" मग तो दीर्घ उसासा, मग कपाळावर हात, मग "आण इकडे, मीच करतो." हे सगळं, अगदी हात मारायच्या जागेसकट, माझं आहे हो. गणिताचा अभ्यास घेताना मी जे करते ते या मुलाने व्यवस्थित रेकॉर्ड करून ठेवलं होतं, त्यातलं गणित सोडून.

तसे आम्ही याआधी खरोखरचे शैक्षणिक गेमही आणले होते बरं का. एका ॲपमध्ये वजाबाकी बरोबर आली की हत्ती टाळ्या वाजवायचा. चिरंजीवांनी दोन दिवसांत शोध लावला की चारही उत्तरं ओळीने दाबत गेलं की कधीतरी बरोबर येतंच आणि चुकल्याचे मार्क काही कापत नाहीत, मग टीव्हीवर मॅच बघत बघत न बघता वजाबाकीच्या लेव्हली पार पडल्या. हत्ती बिचारा शेवटपर्यंत टाळ्या वाजवत होता. आणि ही काही आजकालची मुलं बिघडलीत असंही नाही. १९७१ मध्ये अमेरिकेत मिनेसोटात तीन होतकरू शिक्षकांनी इतिहासाच्या तासासाठी ऑरेगन ट्रेल नावाचा गेम बनवला होता, बैलगाड्या घेऊन पश्चिमेकडे निघालेल्या लोकांचा प्रवास. तेव्हा स्क्रीनसुद्धा नव्हता, टेलिटाइपवर कागद छापून यायचा, आणि त्यात शिकार करायची तर बँग हा शब्द झटपट आणि बिनचूक टाइप करावा लागायचा. पोरं इतिहास किती शिकली देव जाणे, पण त्या वर्गात बँगचं स्पेलिंग कुणाचंही चुकत नसणार.

माइनक्राफ्टचं तसं नाही, हे मला नाईलाजाने मान्य करावं लागतं. तिथे कुणी टाळ्या वाजवत नाही, आणि हिशोब चुकला तर लाल पेनाऐवजी अंधाऱ्या गुहेत मशाल संपते. वस्तू ठेवायच्या ६४ च्या गठ्ठ्याने, त्यामुळे २९ च्या पाढ्याला पोटात दुखणारा मुलगा चौसष्ट, एकशे अठ्ठावीस, एकशे ब्याण्णव असं झोपेत म्हणतो. कोळशाच्या एका तुकड्यावर ८ वस्तू भाजून होतात. मी सहज विचारलं, ६४ भाजायला किती कोळसा लागेल रे? वर न बघता, "आठ." लोखंडाच्या नऊ विटांचा एक ठोकळा, तर २०० विटांचे किती? "बावीस, आणि दोन उरतात." मी हरखले! लगेच गणिताचं पुस्तक काढलं, एका खोक्यात ८ आंबे तर ६४ आंब्यांना किती खोकी. तर तो माझ्याकडे असा बघायला लागला जणू मी त्याला कन्नडमध्ये विचारलंय. शिकतो हो, भरपूर शिकतो, पण शिकलेलं सगळं तिथल्याच पेटीत ठेवून रिकाम्या हाताने जेवायला येतो. बाहेर आणतो ते फक्त माझ्याविरुद्ध वापरता येईल तेवढंच.

म्हणजे बघा, अक्षय्य तृतीयेला मी एक ग्रॅम का होईना सोनं घेऊ म्हणत होते, तर हे महाशय सराफाच्या काउंटरवर सगळ्यांदेखत, "आई, सोनं नको घेऊ, लगेच तुटतं." गेममध्ये सोन्याचा टिकाव तीसेक घावांत मोडतो, लाकडाचासुद्धा त्याच्या जवळजवळ दुप्पट टिकतो, म्हणून लोखंड घे, गुंतवणूक म्हणून. सराफ हसला. नवरा त्याहून जास्त हसला आणि लोखंडाच्या सूचनेवर त्याने गंभीरपणे विचार केला.

मंडईत त्याहून वाईट. गेममधल्या गावकऱ्याकडून एकच वस्तू सारखी घेत राहिलं की तो भाव चढवतो, आणि त्याला मारलं तरी चढवतो. त्यामुळे मी नेहमीच्या भाजीवाल्याशी मेथीच्या जुडीवरून घासाघीस करत असताना मागून आवाज, "आई, भांडू नको, अजून महाग करेल. आपण रोज याच्याकडेच घेतो ना म्हणून तो भाव वाढवतो, दोन दिवस येऊच नको." भाजीवाला म्हणाला, पोरगं हुशार आहे हो वहिनी, आणि मेथी त्याच भावात दिली.

झोपेचं तर विचारूच नका. गेममध्ये ओळीने तीन रात्री झोपलं नाही की आभाळातून फँटम नावाची भुतं येऊन टोचा मारतात, म्हणून तिथे अंधार पडायला लागला की हा पठ्ठ्या लोकरीच्या पलंगावर आडवा. रोज. न सांगता. आणि हे करतो कधी, तर रात्री साडेअकराला, खऱ्या गादीवर उघडा बसून, चादरीची घडी त्याच्या आईने सकाळी केली होती तशीच उशाशी.

जूनमध्ये शाळा सुरू झाली, सहावीच्या भूगोलात खडक आणि खडकांचे प्रकार आले. मी खूश, कारण ह्याला ग्रॅनाइट, ऑब्सिडियन, लाव्हा सगळं तोंडपाठ. चाचणीत प्रश्न आला, बेसॉल्ट खडक कोठे आढळतो? खिडकीबाहेर मान वळवली तर डोंगर दिसतो, तो बेसॉल्टचा. ज्याच्यावर शाळा उभी आहे तो बेसॉल्ट, मैदानाची कंपाउंड वॉल बेसॉल्टची. ह्याने लिहिलं, "नेदरमध्ये, लाव्हाच्या शेजारी." नेदर म्हणजे त्या गेममधलं पाताळ. बाईंनी नेदरभोवती लाल गोल करून पुढे तीन प्रश्नचिन्हं काढली. बाबांचं म्हणणं, लाव्हाचा अर्धा मार्क मिळायला पाहिजे होता, आणि ते त्यावर बाईंना भेटायलाही निघाले होते, मी अडवलं.

बाबा असे पेटायचं कारण म्हणजे तोवर तेही आत शिरले होते. डेन्मार्क सरकारने २०१४ मध्ये अख्खा देश जसाच्या तसा, खऱ्या मापाचा, माइनक्राफ्टमध्ये उभा केला होता, शाळांना उपयोग व्हावा म्हणून, हे त्यांनी कुठेतरी वाचलं आणि आपणही सुट्टीत एक गडकोट बांधू म्हणून बापलेक बसले. दिवाळीतला किल्ला निदान गॅलरीत असतो, मला पाणी घालता येतं. डेन्मार्कचं पुढे काय झालं ते मात्र बाबांनी वाचलं नव्हतं. खेळाडूंनी थोड्याच दिवसांत त्यातली काही गावं उडवून तिथे अमेरिकेचे झेंडे लावले. सरकारने स्फोटकं वापरायला बंदी ठेवली होती, पण स्फोटकं भरलेली खाणगाडी बंद करायची राहून गेली होती (सरकारी खातं इथूनतिथून सारखंच). आमच्या गडाचा दक्षिण बुरूज असाच एका रविवारी गेला. "मी फक्त टेस्ट करत होतो" असं निवेदन आलं.

या सगळ्यात सासूबाई कधी येऊन बसायला लागल्या ते कळलंच नाही. त्या वाळव्याकडच्या, हयात शेतात गेलेली, टॅबला हात लावत नाहीत, पण त्या दिवशी चिरंजीवांनी मधोमध एक बादली पाणी ओतून भोवती नऊ बाय नऊचं वावर गव्हाला केलं तेव्हा त्यांच्याने राहवलं नाही.

"आरं, एवढ्याशा पान्यावर एवढं रान भिजतं व्हय? ठिबक हाय का?"

"भिजतं आजी, चारी बाजूला चार चार ठोकळे."

गव्हाच्या तीन पेंढ्यांचा एक पाव होतो, दळण नाही की मळण नाही, हे ऐकून त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की एवढ्या सोयी असून ही बाई दमते कशाने. मग ऊस निघाला. वाळूत लावलेला. त्या म्हणाल्या वाळूत कधी ऊस आलाय का, हा म्हणाला येतो, फक्त पाण्याला खेटून लावावा लागतो, त्यावर त्या म्हणाल्या, ते मात्र खरं. ह्याने कापायला ऊस मुळापासून धरला तसा त्यांनी हातच पकडला. "बुडखा ठिव की! खोडवा येतोय त्याला." आणि आला की हो. खालचा एक ठोकळा ठेवला की ऊस परत आपोआप वाढतो, ही युक्ती कळायला चिरंजीवांना म्हणे कितीतरी व्हिडिओ बघावे लागले होते. तो बघतच राहिला. "आजी, तू कुठल्या चॅनलवर बघितलंस?"

मग चौकशी सुरू झाली. गूळ होतो का? नाही, साखर होते आणि कागद होतो. कागद कोण घेतं? गावातला लायब्ररीवाला, २४ कागदांना एक पाचू.

"काटा कुनाचा?"

"काटा नाही आजी, मोजून."

"आन् पैसं?"

"लगेच."

"लगेच?" सासूबाईंनी चष्मा काढून पुसला, परत लावला. "पुढच्या हंगामात न्हाई?"

"अगं नाही, तिथल्या तिथे."

झालं. आता सातची मालिका बंद आहे, दोघं डोक्याला डोकं लावून बसलेले असतात. त्यांनी पहिल्या आठवड्यातच सगळा गहू मोडायला लावून नदीकाठ धरून ऊसच ऊस लावून घेतलाय. चिरंजीवांना काळजी पडली, म्हणाले आजी, गहू काढला तर मग आपण खायचं काय?

"ते तुझी आई बघंल की."