जुना मणिपुरी सिनेमा रेंगाळत नव्हता

मणिपुरी सिनेमाचा विषय निघाला की एक मत हमखास ऐकू येतं: जुने चित्रपट संथ, महोत्सवांसाठी काढलेले, तिथल्या सामान्य माणसाने ते पाहिलेच नाहीत, वेगवान गोष्टी आल्या त्या २००० साली तिथे बंडखोरांनी हिंदी चित्रपटांवर बंदी घातल्यानंतर. हे मत मला अजिबात मान्य नाही.

आधी प्रेक्षकांचं बोलू. पहिला मणिपुरी चित्रपट ‘मातमगी मणिपूर’ १९७२चा. दोनच वर्षांनी आलेल्या ‘लमजा परशुराम’ने तिकीटबारी गाजवली. पुढे ‘ओलांगथागी वांगमदासू’ ३२ आठवडे चालला. मणिपुरात त्याने ‘शोले’लाही मागे टाकलं, असं सांगतात. इंफाळसारख्या शहरात इतके आठवडे खेळ लावायचे तर लोकांनी पुन्हा पुन्हा यावं लागतं. आणि या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक अरिबम श्याम शर्मा, म्हणजे ज्यांच्यावर ‘संथ’ हा शिक्का सर्वांत आधी मारला जातो, तेच!

त्यांचा ‘इमागी निंगथेम’ (१९८१) घ्या. १९८२ साली फ्रान्समध्ये नांतच्या महोत्सवात त्याला सर्वोच्च पुरस्कार मिळाला, आणि तेवढ्यावरून तो कंटाळवाणा असणार असं आपण ठरवून टाकलं. प्रत्यक्षात कथा पाहा. लग्नाशिवाय दिवस गेलेली मुलगी बाळंतपणात दगावते, मूल आजोबांकडे वाढतं, बापाचं दुसरीकडे लग्न झालेलं आणि त्याच्या बायकोला हे कळतं. ती त्या पोराला स्वतःचा मुलगा मानून घरी आणते. इतक्या घटना ज्यात आहेत तो चित्रपट रेंगाळणारा कसा? त्यात आरडाओरडा नाही, एवढंच. त्याची पटकथा लिहिणाऱ्या एम. के. बिनोदिनी देवींच्या लेखणीत एकही प्रसंग भरतीचा वाटत नाही.

त्यांनीच लिहिलेल्या ‘इशानौ’त (१९९०) मुलीच्या कान टोचण्याची चर्चा चाललेली असते आणि बघता बघता आईला दैवी हाक येऊन ती संसार सोडून माइबी, म्हणजे देवाची पुजारीण, होते. या वळणाने मला अक्षरशः हादरवलं. मुंबईच्या फिल्म हेरिटेज फाउंडेशनने त्याचं पुनरुज्जीवन केलं आणि २०२३ साली तो फ्रान्समधल्या कान चित्रपट महोत्सवाच्या अभिजात विभागात दाखवला गेला. तिकिटांवर चाललेल्या जुन्या चित्रपटांचीही अशीच निगा राखली जावी, असं मला कळकळीने वाटतं.

हा वेग आला कुठून? माझ्या मते रंगभूमीवरून. ‘मातमगी मणिपूर’ मुळात अरांबम समरेंद्र यांच्या नाटकावर बेतलेला. त्याखेरीज शुमांग लीला हे मणिपुरी लोकनाट्य आहेच: अंगणात खेळ, प्रेक्षक चारी बाजूंनी, पडदा नाही, नेपथ्य जवळजवळ नाही. नट आत आला की प्रसंग बदलला. त्यावर पोसलेला प्रेक्षक थिएटरात ढिलाई चालवून घेणं कठीणच.

बंदीनंतर बदल झाला, तो संख्येत. त्याआधी फिल्म महाग आणि चित्रपट मोजके. पहिला रंगीत चित्रपट ‘लांगलेन थादोई’सुद्धा १९८४चा. २००२च्या ‘लम्मै’पासून व्हिडिओवर काढलेले चित्रपट थिएटरात लागू लागले आणि निर्मिती झपाट्याने वाढली.

मग हा गैरसमज आपल्याकडे रुजला कसा? रविवारी दुपारी दूरदर्शनवर प्रादेशिक चित्रपट लागत, तेही बहुतेक पुरस्कार मिळालेलेच. इंफाळमध्ये गर्दी खेचणारे चित्रपट आपल्यापर्यंत आलेच नाहीत.