हार्मोन वाढलं, पण कशामुळे?

"मोबाइल टॉवरमुळे जनावरांच्या अंगात स्ट्रेस हार्मोन वाढतं, सिद्ध झालंय!" अशा पोस्ट फिरताहेत. खाली उंदरांवरच्या एखाद्या प्रयोगाचा हवाला असतो. माझी कळकळीची विनंती आहे, तो प्रयोग कसा केला हे वाचल्याशिवाय पोस्ट पुढे पाठवू नका.

उंदरात हे हार्मोन म्हणजे कॉर्टिकोस्टेरॉन. गाईमेंढ्यांत आणि आपल्यात कॉर्टिसोल. ते फार हळवं असतं. उंदराला नुसतं पिंजऱ्यातून उचललं तरी काही मिनिटांत रक्तातलं प्रमाण चढायला लागतं. आता अशा अनेक प्रयोगांत काय करतात बघा. डोकं अँटेनाजवळ स्थिर राहावं म्हणून उंदराला अरुंद नळीत अडकवतात. ती नळीच त्याच्यासाठी केवढी दहशत! म्हणून तशाच नळीत, तेवढाच वेळ, पण यंत्र बंद ठेवून बसवलेले उंदीर तुलनेला हवेतच. पिंजऱ्यात निवांत असलेल्या उंदरांशी तुलना केली, तर लहरींचा नाही, नळीचा परिणाम मोजला जातो. वेळही तीच हवी, कारण उंदीर निशाचर; त्याचं हार्मोन संध्याकाळी आपसूकच वर असतं. शिवाय लहरी इतक्या तीव्र असल्या की शरीर तापतं, तर त्या उष्णतेनेही हार्मोन वाढतं. टॉवरखाली तेवढी तीव्रता नसते.

२०१० साली केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने टॉवरचा पक्षी आणि मधमाश्यांवर काय परिणाम होतो हे पाहायला समिती नेमली होती. अध्यक्ष होते मुंबईच्या बीएनएचएसचे (बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी, ही निसर्ग-अभ्यासाची संस्था) असद रहमानी. समितीने ९१९ शोधनिबंध गोळा केले. काम मोलाचं होतं, पण तेव्हापासून "इतक्या निबंधांत परिणाम दिसला" हीच मोजणी पुरावा म्हणून फिरते, ते मला मान्य नाही. वर सांगितलेली काळजी न घेतलेले दहा निबंध काळजीने केलेल्या एका प्रयोगाची जागा घेऊ शकत नाहीत.

असा काळजीचा प्रयोग अमेरिकेत ओरेगॉनमध्ये झाला, टॉवरचा नव्हे, विजेच्या लाइनचा. ५०० किलोव्होल्टच्या लाइनखाली कोकरं महिनोन्‌महिने ठेवली, तशीच दुसरी लाइनपासून लांब. १९९५ साली निकाल छापून आला: कॉर्टिसोलमध्ये फरक नाही, वाढीतही नाही.

म्हणून सगळंच निर्धोक, असं मी म्हणणार नाही. जर्मनीतल्या ओल्डेनबुर्गमध्ये रॉबिन पक्ष्यांना शहरातल्या विद्युतचुंबकीय गोंगाटात दिशाच सापडत नव्हती. ॲल्युमिनियमच्या पत्र्याने त्यांची खोपटं झाकून त्या पत्र्यांना अर्थिंग दिलं, म्हणजे तारेने जमिनीशी जोडलं, की सापडायची. २०१४ चं हे काम. प्रयोग करणाऱ्यालाही कुठल्या पक्ष्याला गोंगाट लागतोय ते माहीत नसावं, इतकी खबरदारी त्यात घेतली होती. त्यावर माझा विश्वास बसतो. पण तिथे बिघडलं ते होकायंत्र, स्ट्रेस हार्मोन नव्हे.

गोठ्यातली गाय बिचकते, पाणी प्यायला तोंड लावून मागे सरकते, दूध आटलंय, म्हणून कुणी टॉवरला दोष देत असेल तर आधी वायरमनला बोलवा. अर्थिंग खराब असलं की लोखंडी पाण्याच्या टाकीत आणि ओल्या जमिनीत काही व्होल्टचा फरक पडतो. आपल्याला तो जाणवत नाही. गाईचं तोंड ओलं, पाय ओल्यात, तिला झटका बसतो. टाकी आणि जमीन यांच्यात व्होल्ट मोजणारा मल्टिमीटर लावा, मोटर चालू असताना आणि बंद असताना. पाच मिनिटांचं काम आहे.