शाळेची बातमी गावाला सगळ्यात शेवटी का कळते?

मी बीड जिल्ह्यातल्या, बालाघाटच्या डोंगरपट्ट्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेचा मुख्याध्यापक. चौथीपर्यंत वर्ग, दोन शिक्षक, त्यातला एक मी. आज जरा मोठं लिहायलोय, वेळ असला तर आत्ता वाचा नाहीतर सेव्ह करून ठेवा. विषय असाय की शाळेत काय चाललंय ते गावाला कोणी सांगायचं, कसं सांगायचं, आणि खरं सांगायचं का नाही.

माझं म्हणणं सरळ आहे. आपल्या शाळांची बातमी वर जाते, खाली येत नाही. वर म्हणजे केंद्रप्रमुख, बीट, तालुका, पोर्टल. झाड लावलं की फोटो वर, खिचडी शिजली की ताटांचा आकडा वर, कुठला पंधरवडा साजरा झाला की व्हिडिओ वर, तोही आडवा काढलेला पाहिजे आणि मागं बॅनर दिसला पाहिजे. आणि ज्याचं लेकरू रोज दप्तर घेऊन येतं त्या माणसाला काय कळतं? पोरगं घरी येऊन जे सांगील ते, नाहीतर फाट्यावरच्या हॉटेलात जे बोलणं चालतं ते.

ग्रुप आहे की सर, म्हणाल तुम्ही. आहे ना, प्रत्येक शाळेचा आहे. उघडून बघा एकदा. सकाळी सुविचार, मग वाढदिवस, मग कुणीतरी टाकलेला सोयाबीनचा भाव, आणि मधीच सहा-सात पानांची पीडीएफ, खाली एक ओळ, "सर्व पालकांनी सदर परिपत्रकाचे अवलोकन करावे." अहो कोण करणारय अवलोकन? आम्हा मास्तर लोकांनाच ती भाषा दोनदा वाचावी लागती. जीआर फॉरवर्ड केला म्हणजे पालकाला कळवलं असं होत नाही, आपल्या डोक्यावरचं ओझं त्याच्या मोबाईलमध्ये टाकलं एवढंच होतं.

२०२५ च्या जूनचंच घ्या. १६ एप्रिल २०२५ ला जीआर, म्हणजे शासन निर्णय, आला की पहिलीपासून हिंदी सक्तीची. १७ जूनला, म्हणजे शाळा उघडून दुसऱ्याच दिवशी, सुधारित जीआर आला, त्यात अनिवार्य शब्द गेला आणि "सर्वसाधारणपणे" आला, हिंदीऐवजी दुसरी भाषा पाहिजे असंल तर इयत्तेत किमान २० मुलं पाहिजेत अशी अट आली. आमच्या पहिलीत २० लेकरंच नाहीत, म्हणजे ती निवड आमच्यासाठी कागदावरच. मग २९ जूनला दोन्ही जीआर रद्द. ह्या काळात टीव्हीवर रोज भांडणं आणि गावात रोज एकच प्रश्न, सर आपल्या लेकराला हिंदी हाय का नाही? बहुतेक शाळा गप्प बसल्या कारण वरून पत्र नव्हतं. मी ग्रुपवर आवाजात सांगितलं, की बघा, आजच्या तारखेला कागद असं म्हणतोय, पुस्तक आलेलं नाही, उद्या बदललं तर उद्या परत सांगीन, तोपर्यंत पहिलीच्या लेकराला क ख ग शिकू द्या. एका मिनिटाचा मेसेज. गावात त्या विषयावर परत चर्चा झाली नाही. लोकांना पक्कं उत्तर लागतंच असं नाही, आपल्याला आज जेवढं माहितंय तेवढं सांगणारा माणूस लागतो.

आणि आपण गप्प बसलो की जागा रिकामी राहत नाही बरं का. सप्टेंबर २०२३ ला कमी पटाच्या शाळांचं पत्र निघालं, २० च्या आतल्या पटाच्या शाळा मिळून समूह शाळा करायच्या, पानशेत (पुणे) आणि तोरणमाळच्या (नंदुरबार) अशा शाळांची उदाहरणं दिली होती. त्यात आमच्यासारख्या शाळेचं नाव नव्हतं की तारीख नव्हती, प्रस्ताव मागवले होते फक्त. पण डोंगरातल्या वाड्यांवर आठवड्यात पसरलं की मराठी शाळा बंद होणार म्हणे. आणि लगेच पुढच्या जूनला पिवळी गाडी वस्तीवर यायला लागली. इंग्लिश स्कूलवाल्यांवर माझा राग नाही, ते त्यांचा धंदा करायलेत, पण त्यांचा माणूस दारोदार फिरून बातमी सांगतो आणि आम्ही नोटीस बोर्डावर. तेही व्हरांड्यात, जिथं पालक येतच नाही. पट कमी झाला म्हणून शिक्षक कमी, शिक्षक कमी म्हणून पट आणखी कमी, आणि ह्या सगळ्या चक्राला पहिला धक्का एका अफवेनं बसतो जी आपण वेळेवर खोडली नाही.

आता खरा मुद्दा, आमच्या भागाचा. दसरा-दिवाळी झाली की अर्धं गाव रिकामं. ट्रॅक्टर भरून कोयते, म्हणजे ऊसतोडीच्या जोड्या, निघतात, कोण सांगली कोल्हापूरला, कोण बारामतीकडं, कोण थेट कर्नाटकात. उचल, म्हणजे आगाऊ पैसे, घेतलेली असती, मजूर नेणाऱ्या मुकादमाचा फोन आला की निघायचं, पोराची सहामाही झालीय का नाही ते कोणी विचारत नाही. काही लेकरं आजी-आजोबांजवळ राहतात, त्यांच्यासाठी हंगामी वसतिगृह चालतं, काही मायबापासोबत उसाच्या फडावर जातात. म्हणजे नोव्हेंबर ते मार्च-एप्रिल माझे निम्मे पालक मला भेटूच शकत नाहीत. पालकसभा घ्या म्हणतात, कुणाची घेऊ?

ह्या माणसाला बातमी कशी द्यायची ह्याचा विचार कुठल्याच परिपत्रकात नसतो. तो पहाटे थंडीत फडात जातो, गाडी भरायला रात्र होती, मोबाईल ट्रॅक्टरच्या बॅटरीवर चार्ज करतो, वाचता येतं न येतं. त्याला लिहिलेलं काहीच चालत नाही. चालतो तो आवाज. म्हणून आम्ही रात्री साडेआठनंतर व्हॉइस टाकतो, छोटा, एका मेसेजमध्ये एकच गोष्ट. बंजारा तांड्यावरच्या लोकांसाठी तोच मेसेज आमच्या शाळा व्यवस्थापन समितीतल्या एक ताई गोरमाटीत, म्हणजे त्यांच्या बंजारा बोलीत, बोलून टाकतात, आणि तुम्हाला सांगतो त्यांच्या मेसेजला माझ्यापेक्षा जास्त उत्तरं येतात, येणारच, आपल्या बोलीत कुणी बोललं की माणूस उलटा बोलतो. एका आज्जीनं तर तिकडून विचारलं, सर माझा नातू जेवताना भात टाकतो का अजून? आता हा प्रश्न कुठल्या पोर्टलवर येणार? पण तिला शाळेची हीच बातमी पाहिजे होती.

आणखी एक गोष्ट, जी कोणी सांगतच नाही आणि सांगायला पाहिजे. लेकरू सोबत नेणार असाल तर शिक्षण हमी कार्ड घेऊन जा, ते दाखवून फडाजवळच्या शाळेत बसवता येतं. आणि कार्ड राहिलं, दाखला राहिला तरी शिक्षण हक्क कायदा २००९ प्रमाणं दाखल्याला उशीर झाला ह्या कारणानं कोणतीच सरकारी शाळा प्रवेश नाकारू शकत नाही. हे मायबापाला माहितच नसतं, आणि तिकडच्या एखाद्या मास्तरला माहित असून तो सांगत नाही, कारण चार महिन्याचं लेकरू कशाला पटावर घ्या. ही वाईट वृत्ती आहे आणि ती आपल्याच जातीत, म्हणजे मास्तरांच्या जातीत आहे, स्पष्ट बोलतो.

वाईट बातमी सांगायची का? ह्यावर माझे सहकारी मला नेहमी म्हणतात, सर कशाला उगं अंगावर घेताय. मी म्हणतो सांगायची. सगळ्यात आधी सांगायची. २०२४ ला एक राज्य एक गणवेश आला, कापड वरून, शिलाई बचत गटाकडून, बऱ्याच शाळांतल्या लेकरांनी १५ ऑगस्टचं झेंडावंदन जुन्याच ड्रेसवर केलं, आणि शिव्या खाल्ल्या मुख्याध्यापकांनी, जसं काय आम्हीच कापड घरी नेऊन ठेवलंय. जिथं जूनमध्येच सांगितलं होतं की यंदा गणवेश आपल्या हातात नाही, कधी येईल सांगता येत नाही, तिथं गाव चिडलं पण शाळेवर चिडलं नाही. पुढं डिसेंबरात ते काम परत शाळा व्यवस्थापन समितीकडं आलं ती गोष्ट वेगळी.

तसंच ५ डिसेंबर २०२५ चं. राज्यभर शिक्षकांनी शाळा बंद ठेवल्या, टीईटी, म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, आणि संचमान्यता, म्हणजे पटावरून शाळेला किती शिक्षक ते ठरवणं, ह्यावरून. गावात काय पसरलं? मास्तर लोक परीक्षेत नापास व्हायलेत म्हणून संप. आता सुप्रीम कोर्टाचा १ सप्टेंबरचा निकाल असा, की ज्यांची पाच वर्षांपेक्षा जास्त नोकरी राहिलीय त्यांनी दोन वर्षांत टीईटी पास व्हायचं. हे पालकांना सांगायला लाज कसली? मी तर सांगितलं, आमच्या दुसऱ्या सरांना परीक्षा द्यायचीय, ते अभ्यास करायलेत, लेकरांना लई मजा वाटली की सरांची पण परीक्षा.

पण खरं सांगायचं म्हणजे चव्हाट्यावर मांडायचं नाही. काही शाळा ग्रुपवर यादीच टाकतात, ह्या लेकरांचं आधार मॅच होईना, ह्या लेकरांना वाचता येईना, नावानिशी. हे बंद करा. लेकराची बातमी त्याच्या मायबापालाच, फोन करून. शाळेची बातमी सगळ्या गावाला. एवढा फरक कळला तरी लई झालं.

समितीबद्दल दोन शब्द. कायद्यानं समितीत ७५ टक्के पालक आणि निम्म्या बाया पाहिजेत. कागदावर असतात. प्रत्यक्षात कितीतरी ठिकाणी प्रोसिडिंगचं रजिस्टर घरोघर फिरून सह्या आणतंय आणि मीटिंग झालेली असती. ज्या बाईनं सही केली तिलाच शाळेच्या खात्यावर किती पैसे आले माहित नसतं. आणि मग आपणच म्हणतो की पालक उदासीन आहेत.

सप्टेंबरच्या अतिवृष्टीत लाईट नाही, रेंज नाही, तेव्हा उद्या शाळेला सुट्टी हे मारुतीच्या देवळावरच्या भोंग्यावरून सांगितलं होतं. तो भोंगा तेव्हापासून आम्ही ठेवलाय कामाला. दर शनिवारी सकाळची शाळा सुटली की लेकरंच त्यावर शाळेच्या बातम्या सांगतात, चौथीची पोरगी तर आकाशवाणीवाल्यासारखी बोलती. तेवढ्यासाठी म्हातारे लोक देवळात थांबायलेत.

आता आमच्या शाळेच्या ताज्या बातम्या, फडावरच्या लोकांसाठी खास. दुसरीच्या वर्गाचा पत्रा गळतोय, दुरुस्तीचा प्रस्ताव दिलाय, मंजुरी अजून नाही, वर्ग सध्या व्हरांड्यात भरतो. वसतिगृहातली लेकरं बरी हायेत, दोन्ही वेळ जेवतात, दोघातिघांना खोकला होता, आरोग्य केंद्रात दाखवलं. शिष्यवृत्ती परीक्षा परत चौथीला आणायचं सरकारनं ठरवलंय, तयारी चालू केलीय. तिसरीतल्या काही लेकरांना हातचा घेऊन बेरीज अजून जमना, त्यांच्या मायबापांना मी ह्या आठवड्यात फोन करतोय, रात्री करीन, उचला.

ज्यांनी लेकरं सोबत नेलीत त्यांनी कारखान्याचं नाव आणि फडाजवळच्या गावाचं नाव व्हॉइसमध्ये सांगून टाका, टाईप करायची गरज नाही. तिथल्या शाळेच्या मुख्याध्यापकाला फोन मी लावतो.